साहेबांच्या चेहऱ्याच्या जागी

नाव धाकू विठ्ठल परब, वय ४७ वर्षे, धंदा रिक्षाचालक, शिवाय वॉर्डातील पक्षकार्यकर्ता, राहणार डोंबिवली पूर्व, मूळ गाव तालुका संगमेश्वर.

मी वरील इसम आज रोजी पोलीस ठाण्यात आपल्या पायांनी येऊन सांगतो, की काल आमच्या वॉर्डाच्या पुढाऱ्यांचा, म्हणजे साहेबांचा, वाढदिवस होता. त्यांचा फ्लेक्स मी परवा संध्याकाळी सिग्नलसमोरच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीला बांधला. तिथून तो चारही रस्त्यांवरून दिसतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी होकार दिला, कारण त्यांना साहेबांकडून आवारात पेव्हर ब्लॉक हवे आहेत. महापालिकेची परवानगी घेतली नाही, ती कोणीच घेत नाही. गॅलरी ज्यांची आहे त्यांना विचारावे, हे माझ्या डोक्यातच आले नाही. फ्लेक्सच्या तळाला शुभेच्छुकांचे गोल फोटो असतात, त्यात यंदा प्रथमच माझा फोटो होता. साहेबांनी शाखेच्या पदाचा शब्दही दिला होता. मी हवेत होतो.

फ्लेक्स बांधून होताच त्या घरातल्या हेमा देवस्थळी, बँकेत नोकरीला असलेल्या, खाली आल्या. सासरे हरिहरआजोबा, इथल्याच शाळेतले निवृत्त शिक्षक, अर्धांगाने आजारी आहेत, वाचा गेली आहे, दिवसभर गॅलरीतल्या खुर्चीत बसून रस्ता बघणे एवढेच त्यांचे उरले आहे, तेव्हा फ्लेक्स बाजूला घ्या, असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, ताई, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. त्या वाद न घालता वर गेल्या.

काल सकाळी शाखेच्या पोरांचा फोन आला, की साहेबांचे डोके उडवले. मी तावातावाने गेलो. साहेबांचा चेहरा कात्रीने गोल कापून काढला होता आणि त्या भोकात हरिहरआजोबांचा चेहरा होता. वर वाढदिवसाच्या शुभेच्छा, खाली 'लोकांच्या मनातला माणूस'. पोरे फिदीफिदी हसत होती. मी शिवी तोंडात घेऊनच वर पाहत होतो.

तेवढ्यात कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या जाईबाई टोपली ठेवून उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "अगंबाई, सर हायेत अजून." त्यांनी हात जोडले. मग एका रिक्षावाल्याने सलाम केला, शाळेच्या बसमधल्या मुलांनी हात हलवले. आजोबा सगळ्यांकडे बघत होते. नंतर त्या भोकात चेहऱ्याशेजारी त्यांचा एक हात वर येऊ लागला. थरथरत, थांबत, फार सावकाश आला. साहेबांच्या मागे फिरताना मी हात वर करणारे पुष्कळ पाहिले आहेत, पण एवढ्या कष्टाने केलेला नमस्कार पाहिला नव्हता. सिग्नल हिरवा झाला तरी मागून कोणी हॉर्न दिला नाही. डोंबिवलीत असे घडले यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, म्हणून मुद्दाम नोंदवत आहे.

मी वर गेलो. हेमाताई गॅलरीच्या दारात रडत होत्या. व्यायाम करून घेणाऱ्या बाई हाच हात उचलायला सांगत, पण आजोबा महिनोन्महिने दाद देत नव्हते, असे त्या म्हणाल्या. कापल्याचे त्यांनी लगेच कबूल केले. "खुर्चीच्या उंचीला नेमका तुमच्या साहेबांचा चेहरा आला, त्याला मी काय करू?"

दुपारी साहेबांचा फोन आला. "धाकू, बाईचं नाव टाक कंप्लेंटमध्ये. पद पाहिजे ना तुला?" मी हो म्हणालो. आज त्याचसाठी आलो होतो.

परंतु विचारपूर्वक सांगतो, की फ्लेक्स विनापरवाना आहे, तो मी लावला आहे, आणि दुसऱ्याच्या गॅलरीवर लावला आहे. कारवाई माझ्यावर व्हावी. हेमाताईंविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. पदाचे जे व्हायचे ते होवो. फ्लेक्स मी स्वतः उतरवतो, फक्त आजोबा दुपारी झोपतात तेव्हा उतरवू द्यावा. उद्यापासून तिथे फ्लेक्स नसेल, भोकही नसेल. आजोबा पुन्हा हात वर करतील की नाही, मला माहीत नाही. मी मात्र त्या सिग्नलला रिक्षा थांबवून रोज वर बघणार आहे.

माझा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. शेवटचे वाक्य गुन्ह्याशी संबंधित नाही म्हणून हवालदारांनी गाळले होते, ते मी त्यांना परत लिहायला लावले. आता बरोबर आहे.