ऊन उतरेपर्यंतचा चहा

जमलेल्या माझ्या बायांनो, भावांनो, मी सुमन. कौसल्याअक्कांची शेजारीण. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत. माईक धरायची मला सवय नाय. पण सुनील, अक्कांचा मुलगा, म्हणाला, काकू, आईच्या शोकसभेत तुम्हीच बोला. म्हणून उभी राहिले. रडत मात्र बोलणार नाय. अक्का जन्मभर दवाखान्यात सिस्टर होत्या. रडणाऱ्याला आधी दम द्यायच्या, मग सुई.

जरा पायाखाली बघा. हा मंडप कुठं घातलाय? आपल्या मैदानावर. आज हे मैदान आहे, ते त्या बाईमुळं आहे.

नवीन राहायला आलेल्यांसाठी सांगते. शहराच्या नकाशात ही जागा मुलांच्या खेळासाठी राखून ठेवलेली. एका कंपनीनं महापालिकेत अर्ज टाकला. म्हणे हे आरक्षण उठवा, मैदान आणि कडेचे प्लॉट व्यापारी करा. कडेचा पहिला प्लॉट कुणाचा? अक्कांचा. अर्ज पास झाला असता तर त्यांच्या ओट्याच्या जागी दुकानं निघाली असती. सुनीलला शेंद्र्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून तिथंच धंदा टाकायचा होता. सुनील, तुला विचारूनच सांगतेय बाळा. मायलेकात अबोला झाला. अक्का त्याला एवढंच म्हणाल्या, "दुकान तुला कुठंबी मिळंल. मैदान कुठून आणशील?" आणि स्वतःच्याच फायद्यावर त्यांनी सगळ्यांत आधी हरकत घेतली.

मग सुनावणी झाली. आम्ही सगळे महापालिकेत गेलो. कंपनीच्या वकिलानं फोटो दाखवले. मैदान रिकामं, एक चिटपाखरू नाय. म्हणाला, ही जागा पडीक आहे, कुणी वापरत नाय. झालं, आम्ही सगळे एकदम उठून ओरडायला लागलो. कुणाचं कुणाला ऐकू येईना. अधिकारी शांत माणूस. ते म्हणाले, तुमचं ऐकलं, त्यांचं ऐकलं, आता मी जागेवर येतो, आणि जे दिसेल ते लिहितो.

आम्ही खुशीत घरी आलो. जिंकलोच म्हणा. पण किती वाजता येणार, हे विचारायचं एकालाबी सुचलं नाय.

ते आले भर दुपारी, सोबत कंपनीचा वकीलबी. मे महिन्यात. आता तुम्हीच सांगा, आपल्या संभाजीनगरात मे महिन्याच्या दुपारी मैदानावर कोण येतं? कुत्रंसुद्धा गाडीखाली झोपतं. साहेबांनी मैदानाकडं पाहिलं, वकिलानं साहेबांकडं पाहिलं. संपलं, म्हटलं.

अक्का डोक्यावर पदर घेऊन गेटाबाहेर आल्या. म्हणाल्या, साहेब, चहा घ्या. साहेब म्हणाले, कामावर असताना आम्ही कुणाकडं काही घेत नाय. अक्का म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं, म्हणून तर वकीलसाहेबांनाबी पाजते. दोन्ही बाजूंना सारखाच चहा.

दोघंबी गेटातून आत आले. बसले ओट्यावर. अक्कांनी भिंतीवरून मला हाक मारली, सुमन, आधण ठेव. मी चहा केला. मग पोहे झाले. मग पन्हं. मग अक्का म्हणाल्या, परत चहा टाक. माझ्या घरचं दूध संपलं, पलीकडच्या सलीमभाईंच्या घरून आणलं. शेवटी साहेबांनी घड्याळात बघितलं आणि सरळच विचारलं, "बाई, तुम्ही मला अडवून ठेवलंय का?"

दुसरी कुणी असती तर सारवासारव केली असती. अक्का म्हणाल्या, "व्हय. ऊन उतरेपर्यंत. दुपारी जेवायच्या सुट्टीत तुमच्या कचेरीचा फोटो काढला, तर कचेरीबी पडीकच दिसंल ना साहेब?"

साहेब हसले. लई हसले. आणि बसून राहिले.

मग ऊन उतरलं. आणि काय सांगू तुम्हाला. पोलीस भरतीच्या पोरी पळायला आल्या. म्हातारे काठ्या टेकत आले. बाया आल्या, सलीमभाईंच्या नाती आल्या, क्रिकेटचे तीन डाव एकमेकांत घुसले. एक चेंडू घरंगळत वकिलाच्या पायाशी आला. त्या माणसानं कोट सांभाळत तो असा काही फेकला, थेट स्टंपात. अक्का म्हणाल्या, "साहेब, यांचंबी लिहा. वकीलसाहेबांनी मैदान वापरलं."

साहेबांनी जे दिसलं तेच लिहिलं. पुढं महापालिकेच्या सभेत विषय आला. आम्ही वर गॅलरीत बसलेलो. आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकानं तो अहवाल वाचून दाखवला, आणि अर्ज फेटाळला म्हणून जाहीर झालं. गॅलरीत टाळ्या वाजवायला मनाई असते. तरी एकानं शिट्टी मारली. मागं वळून बघते तर सुनील. स्वतःचं दुकान बुडालं म्हणून शिट्टी मारणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाय. अक्कांनी काय केलं? डोळे पुसले, चप्पल घातली आणि म्हणाल्या, चला, ऊन उतरलं, पोरं आली असतील.

बायांनो, भावांनो, ती बाई हरून गेली नाय. जिंकून गेली. आणि आपल्याला जिंकलेलं ठेवून गेली.

आता एक मागणं आहे. मघापासून पोरं तिकडं कडेला बॅट खाली ठेवून गप उभी आहेत. कुणीतरी त्यांना दटावलंय. पोरांनो, खेळा रे. डाव चालू करा. आपण सगळे उभं राहू आणि दोन मिनिटं शांत राहू. आपण शांत, ते नाय. अक्कांना तोच आवाज ऐकवू.

आणि शेवटचं. रोज सकाळी भिंतीपलीकडून आधी अक्कांचा आवाज यायचा, मग माझा. इतक्या वर्षांत मला कधी पहिला नंबर दिला नाय त्यांनी. आज मी आधी म्हणते.

अक्का, जय भीम.