वजन उतरलं की बाप्तिस्मा

नाही, मला एक सांगा, बझर वाजला की माझ्याकडेच का बघायचं? लिफ्ट इस्पितळाची, आत माणसं कोंबलेली, चाकाच्या खुर्चीत एक पेशंट, त्याच्यामागे त्याची सून, सुनेच्या हातात फळांची करंडी, कडेला दोन नर्सबाई, एक ऑक्सिजनचा सिलिंडर, आणि दार बंद होता होता एक सद्गृहस्थ पोट आत ओढून घुसतात, वजन जास्त होतं, लिफ्ट बोंबलायला लागते, आणि सगळ्यांच्या माना वळतात कुणाकडे? माझ्याकडे. अहो, मी लिफ्टमन आहे. मीच उतरलो तर बटणं कोण दाबणार, तो सिलिंडर? परवा एक आजोबा किती प्रेमानं म्हणाले, "तुम्ही असं करा ना, जिन्यानं या मागून." लिफ्ट चालवणाऱ्यानं जिन्यानं यायचं. बोला आता!

बरं, लोकांचं सोडा, मी स्वतः काय म्हणायचो? तेच. बझर वाजला की मनातल्या मनात, "तूच रे तू, आणखी कोण असणार." जेवायला बसलो की, "आता एवढा झालाच आहेस तर आणखी एक पाव खाल्लास म्हणून काय आभाळ कोसळणार आहे?" आई म्हणायची आपल्या घराण्यात हाडंच जाड, मी म्हणायचो बरोबर, हाडंच जाड. बायकोनं काकड्या आणल्या, खाल्ल्या, वर केक खाल्ला. पहाटे पळायला गेलो, कुत्री मागे लागली, ती दमायच्या आधी मीच दमलो आणि परत आलो. माझ्याच्यानं काही व्हायचं नाही, हे एकदा ठरवून टाकलं ना, की फार आराम असतो हो.

पण बाप्तिस्मा राहिला होता. आता आमच्या चर्चच्या मंडळीतला बाप्तिस्मा म्हणजे कपाळावर चार थेंब शिंपडले नि झालं, असला नव्हे. मोठेपणी, स्वतःच्या अकलेनं घ्यायचा. चर्चमध्ये व्यासपीठाच्या फळ्या काढल्या की खाली हौद आहे, त्यात छातीभर पाण्यात उतरायचं, मग पाळकसाहेब एक हात पाठीला लावणार, एक छातीवर ठेवणार, अख्खा माणूस मागच्या मागे पाण्यात आडवा करणार आणि परत उभा करणार. जुना माणूस गेला, नवा वर आला. ऐकायला सुंदर आहे. पण तुम्ही आमचे पाळकसाहेब बघितलेत का? त्यांचा कोट खुंटीवर असला काय नि अंगावर असला काय, फरक कळत नाही. ते मला बुडवतील याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती, पण वर कोण काढणार? मला डोळ्यांसमोर दिसायचं, तळाला मी, माझ्या अंगावर पाळकसाहेब, वर मंडळी गाणं म्हणतेय, आणि गाण्याची कडवी संपत आलीयत... म्हणून दरवर्षी बाप्तिस्म्याची यादी करायची वेळ आली की पाळकसाहेब बघायचे कुणाकडे? माझ्याकडे. आणि मी म्हणायचो, "वजन उतरलं की घेतो." ते पण कसे पटकन म्हणायचे, "हो हो, घाई नाही." जरा जास्तच पटकन म्हणायचे.

घाई होती ती आईला. आई ताईकडे असते. तिची नजर जात चाललीय, डॉक्टर म्हणाले आता आहे तेवढी जपा, गेलेली परत यायची नाही. ती मला म्हणाली, "अरे, मला दिसतंय तोवर उतर बाबा पाण्यात. नंतर उतरलास तर मला नुसतं धपकन ऐकू येईल." हसलो हो मी, पण घरी येताना रस्त्यात रडू फुटलं. आणि तरी तिला काय सांगून आलो होतो? "वजन उतरलं की घेतो." लाज वाटली मला माझी. मग लाज वाटली म्हणून काय केलं? बिस्किटं खाल्ली.

तेव्हा बायकोनं मला पाळकीणबाईंच्या मंगळवारच्या प्रार्थना गटात नेऊन बसवलं. नेऊन म्हणजे अक्षरशः दंड धरून. गट कसला, तर मन बदला, वजन आपोआप बदलेल. चर्चच्या मागच्या खोलीत घडीच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, मी बसलो, खुर्ची कुरकुरली, गटातल्या सगळ्या बायका बघतात कुणाकडे? माझ्याकडे. पाळकीणबाई साखरेच्या आवाजात, "बंधू, वजन अंगावर नंतर चढतं, आधी मनात चढतं. तुम्ही स्वतःला रोज काय म्हणता?" म्हटलं, काही नाही, मी कामावर असतो. "नाही बंधू, आठवा. आणि जे म्हणता ते इथं प्रार्थना म्हणून मोठ्यानं म्हणा. ज्यानं तुम्हाला घडवलं त्याच्यासमोर म्हणवतंय का बघा." मी म्हटलं, न म्हणवायला काय झालं? रोज तर म्हणतो. उभा राहिलो, डोळे मिटले, हात जोडले आणि सुरू झालो, "हे प्रभू, तू घडवलेला हा माणूस नुसता ओझं आहे, हा बसेल तिथं अडचण आणि उभा राहील तिथं गर्दी, याच्याच्यानं काडीचंही काही व्हायचं नाही, आजवर झालं नाही, पुढे होणार नाही..."

आणि सगळी खोली एका सुरात, "आमेन."

आता सवय असते हो त्यांना, प्रार्थना थांबली की तोंडातून आमेन निघतंच, झोपेतसुद्धा निघेल. पण तुम्हाला सांगतो, माझं डोकं असं सणकलं! म्हटलं, आमेन? आमेन काय आमेन? कोण म्हणालं आमेन? बायको माझ्याकडे बघेना, कारण ती पण म्हणाली होती. म्हटलं, मी ओझं? अहो, पेशंटच्या खाटा आत-बाहेर कोण ढकलतं? वीज गेली आणि लिफ्ट मध्येच अडकली की आतल्या रडणाऱ्या पोरांना गोष्टी कोण सांगतं, तुमचा मामा? माझ्याच्यानं काही होत नाही हे तुम्ही कोण सांगणार? आमेन मागं घ्या. एकजण चाचरत म्हणाली, "आमेन मागं घेता येत नसतं, बंधू." म्हटलं, का नाही येत? मी वाक्य मागं घेतो, तुम्ही आमेन मागं घ्या, देव काय दोन्ही धरून बसणार नाही. पाळकीणबाई गालातल्या गालात हसत होत्या. मला तर दाट संशय आहे, त्या बाईला हे सगळं आधीच ठाऊक होतं.

मग परत डोळे मिटून हात जोडले. सुचेना. स्वतःबद्दल बरं बोलायची सवयच नाही ना, जीभ अडखळते. शेवटी एवढंच म्हणालो, "प्रभू, तू हा माणूस टाकाऊ केला नाहीस. मीही टाकणार नाही." आमेन आलं. या वेळचं मी ठेवून घेतलं.

आता तुम्ही म्हणाल झाला चमत्कार, दुसऱ्या दिवशी बारीक. कसला बारीक? पण एक झालं. पावाकडे हात गेला की आतून तो जुना आवाज यायचा, "तुझ्याच्यानं काही होणार नाही, खा." मी त्याला म्हणायचो, हेच देवासमोर म्हणून दाखव, मग खातो. त्याला म्हणता यायचं नाही. मग मलाही भूक नसायची. इतकी वर्षं त्या आवाजाला गप्प करायलाच खात होतो बहुतेक, पोट उगीच बदनाम. आणि ड्युटी संपली की मी लिफ्ट पुढच्या पाळीवाल्याच्या हवाली करून जिन्यानं चढायला लागलो, वरपर्यंत जायचं, खाली यायचं. इस्पितळात हाहाकार. लिफ्टमन जिन्यानं चाललाय म्हटल्यावर लोक घाबरून विचारतात, "लिफ्ट पडणार आहे का?" एका नर्सबाईंनी तर दोन दिवस लिफ्ट वापरलीच नाही. वापरू नका! तुमचंही उतरेल.

उतरलं की हो. पट्टा आत आला, बूट बांधताना बूट दिसायला लागले. फार नाही, पण उतरलं. पण आईची नजर त्याहून भराभर उतरत होती. ताईनं सांगितलं, आताशा माणसं ती आवाजावरून ओळखते. मग मात्र मी तडक पाळकसाहेबांकडे गेलो. म्हटलं, या वेळच्या यादीत नाव घाला. ते खुर्चीत सावरून बसले, "पण बंधू, ते तुमचं वजन..." म्हटलं, उतरलं तेवढं उतरलं, राहिलंय ते सोबत आणतोय. देव काय मला काट्यावर ठेवून घेणार आहे? वजन उतरवून मग त्याच्याकडे जायचं म्हणजे आंघोळ करून मग न्हाणीघरात जाण्यासारखं झालं. पाळकसाहेबांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. पण नाव घातलं.

तर तो दिवस. बायकोनं दोन पांढरे झगे जोडून माझा एक शिवला. आईची खुर्ची ताईनं हौदाला अगदी चिकटून मांडली. मी पहिली पायरी उतरलो, दुसरी उतरलो, पाणी काठावरून सांडलं, गाणाऱ्यांच्या चपला वाहत निघाल्या, सगळी मंडळी बघते कुणाकडे? माझ्याकडे. म्हटलं, बघा. डोळे भरून बघा, याचसाठी आलोय. पाळकसाहेबांनी पाठीला हात लावला आणि त्यांनी माझ्या कानाशी लागून, एवढ्या पवित्र घटकेला, काय सांगावं? "बंधू, बुडवतो मी. वर तुमचं तुम्ही या."

आलो. न येऊन सांगतो कुणाला? आणि बाहेर आल्यावर लोक मला सोडून पाळकसाहेबांचेच हात हातात घेतायत, "काय ताकद हो पाळकसाहेब तुमची!" आणि तो भला माणूस ताठ उभा राहून म्हणतोय, "प्रभूनं बळ दिलं." मी झगा पिळत होतो. म्हटलं, राहू दे, आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा स्वतःवर विश्वास बसलाय, तो मी कशाला काढून घेऊ?

आईपाशी गेलो, ओल्या हातानं तिचा हात धरला. म्हटलं, दिसलं का गं? ती माझ्या तोंडावरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "दिसलं रे. बाकीचे सगळे नुसते धुरकट पांढरे पांढरे. तू एकटा पुरता दिसलास." मला हुंदका आवरेना. आणि मग म्हणते कशी, "पण आता आणखी बारीक होऊ नकोस हं. मला दिसायचा नाहीस."

आता सांगा. पाळकीणबाई म्हणतात, बंधू, थांबायचं नाही. आई म्हणते, थांब. मी काय करणार? रोज जिना चढतो, वजन उतरवतो, आणि आईकडे जाताना एकावर एक दोन स्वेटर घालून जातो.