कंबर आत घेताना

— हलू नका हो ताई, टाचणी पँटला लावतेय मी, तुमच्या पोटाला नाही. हं. आता सांगा, किती आत घेऊ? एवढी? अहो, मग श्वास कुठं घ्यायचा? — बारीक होणारच आहे म्हणता? तेच, तेच! या गल्लीत सगळे आधी पँट आवळून घेतात आणि मग बारीक व्हायला निघतात. ते समोरच्या इमारतीतले विमावाले — त्यांनी अशीच आवळून नेली, म्हणाले, मावशी, तेवढाच धाक राहतो. पहिल्याच दिवशी बुटाची नाडी बांधायला वाकले ते मागं हात धरूनच घरी आले. धाक राहिला, शिवण राहिली नाही. मीच शिवून दिली परत, हसू दाबून.

सरळ उभ्या राहा. या स्टुलावरून पडला नाहीये कुणी आजवर. आणि मला एक सांगा, ते मैदान आहे कुठं? गल्लीच्या टोकाला. तिथवर जायला लोक गाडी काढतात! चालायला जायचं, आणि तेही गाडीनं — मग फाटकाजवळच गाडी लावायला जागा पाहिजे, म्हणून आधी गाडीच चकरा मारते. तिचा व्यायाम जास्त होतो. आणि ती हिरवी-पिवळी यंत्रं बसवलीत ना नवीन, त्यांच्यावर बसून बायका सुनांची गाऱ्हाणी सांगतात — पाय हलतात म्हणायचे आपले, खरी मेहनत जिभेचीच. एक महाशय उलटे चालतात. उलटे! सरळ चालताना ज्यांना खड्डा दिसत नाही ते! मी दुकान उघडायच्या आधी दूध आणायला जाते ना, रस्त्यावरूनच सगळा तमाशा दिसतो. — मी? मी कशाला चालू? दिवसभर हे पायमशीन कोण चालवतं, भूत? वळा जरा. पाठ इकडे.

आता आमच्या घरातलं ध्यान बघा. जन्मभर ट्रक चालवला, म्हणजे जन्मभर बसून काढला, आणि पोट असं सुटलेलं की स्टिअरिंगला टेकायचं. डॉक्टर म्हणाले, चाला, वजन उतरवा, नाहीतर साखर चढेल. मग मीच कंबर कसली. लेकीनं पांढरे बूट आणून दिले, मी उरलेल्या कापडाची टोपी शिवून दिली, आणि सकाळी चहा झाला की हाकलते घराबाहेर. नाटकं काय कमी केली? गुडघा दुखतो, चक्कर येते, आज अंगात बळच नाही — मी म्हटलं, बळ चालल्यावर येतं, निघा! आणि बघा ना, उतरले की नाही! यांच्या पँटी मी आत घेतल्या, मग परत आत घेतल्या, परवा तर मागची शिवण पार उसवून काढली, पट्ट्याला नवीन भोक पाडलं. उपाशी ठेवते असंही नाही हं. उलट भूक खवळलीय, येताना इतके तहानलेले असतात की पाण्याची बाटली उभ्या उभ्या रिकामी करतात. चालणं म्हणतात ते हे! तुमच्यासारखं नाही, टापटीप कपडे घालून मिरवणं. रागवू नका. डॉक्टरांनी रक्त तपासायला परत बोलावलं होतं, मीच म्हटलं, रक्त कशाला काढता त्यांचं, कंबर बघा ना. माझ्यापेक्षा चांगलं माप कोण घेणार? नाही नेलं. काय खोटं आहे त्यात, सांगा. पँट खोटं बोलते का?

काय? — हो, तीच टोपी, निळी चौकड्यांची, शाळेच्या गणवेशाचं कापड. दुसऱ्या कुणाकडे असणार, मीच शिवलीय. तुम्हीही त्याच वेळेला जाता? अगंबाई, मग रोज बघत असाल की! — बसलेले? — नाही हो, दमून क्षणभर टेकले असतील. — रोज? तुम्ही जाताना आणि येतानाही? बाकावर? म्हणजे फेरीच नाही मारत? — हात्तिच्या! थांबा, येऊ द्या घरी. तरी म्हटलं बुटाचे तळवे अजून कोरे कसे! मी इथं पाय मोडून काम करतेय आणि स्वारी बाकावर बसून हवा खातेय! मला फसवतात! आयुष्यभर बसले, आता चालायला सांगितलं तर तिथं जाऊनही बसले! आणि वर येऊन सांगतात काय, आज दोन फेऱ्या जास्त मारल्या. आणि मी वेडी, जास्तीच्या पोळ्या वाढतेय ताटात, कौतुकानं पँटी आत घेतेय —

— पँटी आत घेतेय.

थांबा. हलू नका. नाही, टाचणी नाही टोचली तुम्हाला, मलाच टोचली, असू दे. — चालत नाहीत म्हणता. अजिबात नाही. मग... मग ही कंबर कुठं जातेय हो? खातात तर चांगलं. दुप्पट खातात. बाकावर बसून कुणाला एवढी तहान लागते? रात्री उठतात ते पाण्यालाच उठतात, मीच ओरडते, झोपमोड करता म्हणून. जिन्यात मध्येच कठडा धरून उभे राहतात — आणि मी वरून म्हणतेय, नाटकं पुरे. देवा. मी हसत होते, ताई. पट्ट्याला भोक पाडताना मी हसत होते, आणि तेही हसले माझ्याबरोबर. सांगायचं ना माणसानं! पण सांगणार कुणाला, सांगितलं की मी हाकलणार —

उतरा खाली. सावकाश. टाचण्या राहू द्या, तशाच जा घरी, उद्या बघू. पैसे ठेवा तुमच्याकडे. आज अजून आले नाहीत हो ते. एरवी एव्हाना दारात असतात, बाटली मागत. — तुम्ही आत्ता तिकडूनच आलात ना? होते? कुठला बाक, झाडाखालचा? काय करत होते?

— झोपलेले?

हाक मारली होतीत का त्यांना? — नाही ना. सरका. सरका ताई, दार सोडा.