सीटखालचा नंबर

रेकॉर्ड ऑफिसच्या बाकावर एक बाई आपला नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी विमानांच्या म्युझियममधली एक मुलगी आणि एक म्हातारे मेकॅनिक बोलत होते. ऐकायचं नाही म्हटलं तरी कानावर येतच होतं.

“काका, शिकाऊ पायलटांच्या त्या जुन्या विमानाच्या शेपटीवर एक नंबर आहे. मागच्या सीटखाली रंग खरवडला, तर दुसराच निघाला.”

“दोन विमानं जोडून केलंय ते. पुढचा भाग ज्याचा, त्याचा नंबर शेपटीवर रंगवायचो आम्ही.”

“पण सीटखालच्या नंबरचं विमान जळून खाक झालं, असं रजिस्टरात लिहिलंय.”

“पुढचं जळलं. मागच्याला आच लागली नाही.”

“मागच्या सीटचा पट्टा कापलेला आहे.”

“मीच कापला.”

“म्हणजे मागचा पोरगा...”

“बोलत होता. ॲम्ब्युलन्स यायला पाऊण तास लागला.”

“मग घरी काय कळवलंत?”

“जागच्या जागी गेला, काही कळलंसुद्धा नाही त्याला. मीच जाऊन सांगितलं.”

“काका, म्युझियममध्ये विमानापुढच्या पाटीवर कुठला नंबर लिहू?”

“शेपटीवरचाच लिही, पोरी. त्याची बहीण अजून आहे.”