दादाचं झाड

समुद्राकाठच्या वनस्पती उद्यानाच्या तिकीट खिडकीपाशी माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या.

"आई, दादा गेला त्या वर्षी लावलेलं झाड. सहा वर्षांत गुडघ्याएवढंच कसं गं? आज माळीकाकांना विचारतेच."

"काही विचारायचं नाही."

"का?"

"आपलं झाड पहिल्याच वर्षी गेलं. खारा वारा सोसला नाही त्याला. हे तिसरं आहे."

"काकांनी सांगितलं?"

"ते कशाला सांगतील? गुपचूप नवं रोप लावतात, दादाच्या नावाची पाटी पुसून लख्ख ठेवतात. आपल्या झाडाला बुंध्यापाशीच दोन फांद्या होत्या. हे सरळसोट आहे."

"मग तू त्यांना काय म्हणतेस?"

"म्हणते, केवढं वाढलं हो!"

"आणि ते?"

"पाण्याची नळी धरून दुसरीकडे बघत म्हणतात, 'खमकं आहे पोरगं तुमचं.'"