कुणावर गेलंय हे नाक

प्लास्टिक सर्जनच्या वेटिंग रूममध्ये माझ्या शेजारी एक आई आणि तिची सोळा-सतरा वर्षांची लेक बसली होती. लेकीला नाकावरचा उंचवटा काढून हवा होता.

“आई, ऐन वेळी रडायचं नाही हं.”

“मी कशाला रडू?”

“बाबांना तू पटवलंस कसं, हेच मला कळत नाही. आजी तर म्हणते, हे नाक आमच्याकडचं नाहीच.”

“खरंच बोलतात त्या.”

“पण तुमच्याकडचंही नाही ना! तुझं बघ कसं चाफेकळीसारखं.”

“माझं इथलं आहे.”

“इथलं म्हणजे?”

“याच डॉक्टरांनी केलेलं. लग्नाच्या आधी. तुझ्या बाबांनाही परवाच सांगितलं.”

“थापा नको मारूस.”

“मामाच्या लग्नातल्या एका तरी फोटोत मी दिसते का?”

“तुला ताप होता म्हणालीस.”

“ठणठणीत होते. माझे फोटो मीच फाडले.”

“म्हणजे हे नाक तुझं आहे?”

“तुला पाळण्यात पाहिलं आणि दचकलेच. म्हटलं, आलं परत!”

“थांब. मी अशी बाजूला वळते. तू अशी दिसायचीस?”

“हुबेहूब.”

“मग कसली भारी दिसायचीस गं तू!”

“काय म्हणालीस?”

“भारी दिसायचीस.”

“परत म्हण.”

“चला, तुमचा नंबर आला,” रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली.

“ताई, आधी दुसऱ्या कुणाला तरी पाठवा ना. आईचं सांगून व्हायचंय अजून.”

तिने माझं नाव पुकारलं. मी उठलेच नाही.