हवा गेली की

(ट्रॅक्टर-कारखान्याच्या पुणे कार्यालयातील चौकशीची खोली. संगणकासमोर कार्मिक अधिकारी सरोजिनीबाई. शेजारी हवेच्या ब्रेकचे प्रशिक्षक भीमराव. समोर ट्रॅक्टरचालक शंभू.)

सरोजिनी : अपघात शुक्रवार, ९ जानेवारी २००४. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. ट्रॅक्टर एक, ट्रॉली एक, जखमी एक. इथवर कुणाचं दुमत नाही ना?

शंभू : माझ्या क्लीनरचा, रतनचा पाय वाचंल का, बाई?

सरोजिनी : ते डॉक्टरांना विचारा. मला पाच वाजता अहवाल मुख्य कार्यालयाला ई-मेल करायचाय. संगणकात रकाने दोनच : यंत्राचा दोष, चालकाची चूक. यंत्र शनिवारी तपासलं, ठणठणीत आहे. तेव्हा नोकरीबाबत आपण मनाची तयारी केलेली बरी.

भीमराव : थांबा बाई. क्रमाने जाऊ. शंभू, कात्रजच्या उतारावर ट्रॉली उभी केलीत. पुढे?

शंभू : डिझेलसाठी ट्रॅक्टर सोडवायचा व्हता. लाल नळी काढली. फुस्स झालं, ब्रेक लागला. ट्रॉली जागची हलंना.

भीमराव : बरोबर. नळीतली हवा गेली, की ट्रॉलीच्या टाकीतली हवा ब्रेक दाबून धरते. नळी वाटेत तुटली तरी ट्रॉली थांबावी, म्हणून तशी योजना आहे. मग ती सुटून रतनच्या पायावर गेली कशी?

शंभू : मी आनखी पक्का केला.

भीमराव : काय पक्का केलात?

शंभू : ब्रेक. टाकीखालचा नळ उघडला. म्हनलं, उरलीसुरली हवाबी जाऊ दे.

सरोजिनी : म्हणजे ब्रेक दाबून धरणारी हवाच सोडून दिलीत. वा! शाबासकी घरी पाठवू, की इथेच घेताय?

भीमराव : टाकी रिकामी झाली की ब्रेक सुटतो, शंभू. हे ठाऊक नव्हतं?

शंभू : उलटं ठाऊक व्हतं. ह्ये बघा, पुस्तक खिशातच असतंय. पान चौदा. ‘हवा गेली की ब्रेक लागतो.’

भीमराव : द्या इकडे.

सरोजिनी : कुठली हवा? नळीतली की टाकीतली?

भीमराव : ते लिहिलेलं नाही.

सरोजिनी : लेखक कोण महाशय?

भीमराव : मुखपृष्ठावर आहे. भीमराव ओव्हाळ, यंत्र अभियांत्रिकी पदविका.

सरोजिनी : अहो... असू द्या, साहेब. छापताना गळतो एखादा शब्द. पण चाकाखाली दगड लावायला काय पुस्तक लागतं? तेच लिहिते. ‘दगड लावले नाहीत.’

शंभू : लावले व्हते. दोन. रतननं.

भीमराव : मग?

शंभू : मी काढले. त्यो म्हनत व्हता, ऱ्हाऊ दे.

भीमराव : का काढलेत?

शंभू : जाऊ द्या, सर.

भीमराव : बोला.

शंभू : वर्गात तुमीच म्हनला व्हता, दगड म्हंजी अडाण्याचा ब्रेक. समदी हसली. मी जास्त हसलो. माझा बा जन्मभर दगड लावायचा.

सरोजिनी : हे कुठे लिहिलेलं नाही, ओव्हाळसाहेब. साक्षीदारही नाही.

भीमराव : मी आहे. प्रत्येक तुकडीला तो विनोद ऐकवत आलो. टाकी कधी ना कधी गळते, दगड हवाच, हे मला पदविकेच्या दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं. चालकाचा रकाना कोरा ठेवा.

सरोजिनी : संगणक कोरा ठेवू देत नाही. तिसरा रकाना हवा तर हिंजवडीच्या संगणकवाल्या मुलांना साकडं घाला.

भीमराव : घालतो. तोवर कागदावर लिहा : पुस्तिकेची व प्रशिक्षकाची चूक. सही करतो.

सरोजिनी : मार्चमध्ये निवृत्त होताय. त्यानंतरची सल्लागाराची नेमणूक मग विसरायची. कळतंय ना?

भीमराव : कळतंय. पुस्तिका किती वाटल्या?

सरोजिनी : बाराशे.

भीमराव : उसाचा हंगाम चालू आहे. कुठल्या ना कुठल्या उतारावर आत्ता कुणीतरी पान चौदा वाचत असेल. सगळ्या परत मागवा. आजच.

शंभू : माजीबी?

भीमराव : तुमची आधी.

शंभू : घ्या. कोपऱ्याला जरा ऑईल लागलंय.

भीमराव : नोंद करा, बाई. वाटल्या, बाराशे. परत आल्या, एक.